निळ्या काचेमागचं गाव

लहान मुलं मला कधीच फारशी आवडली नाहीत. मला स्वतःला मूल झालं नाही म्हणून मी असं बोलते, असं आमच्या गल्लीतल्या बायकांचं मत आहे. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. काचेचं काम करणाऱ्या घरात मुलं आली की रोज काहीतरी फुटणार, एवढं साधं कारण आहे. म्हणून सेनाबू माझ्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तिला आत ये असंसुद्धा म्हटलं नाही.

सेनाबू आमच्या सेंट लुई शहरातल्या मासळीबाजारामागे रस्त्यावरच्या मुलांसाठी एक घर चालवायची. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण बोलायला बसली की माझी आजी वाटायची.

"यांदे ताई, आठवड्यातून दोन दिवस या. पोरांना काचेवर चित्रं काढायला शिकवा."

"आधी त्यांना पोटभर खायला घाल."

"खातात की. खाऊन झालं की मारामाऱ्या करतात."

"मग झोपव त्यांना."

"झोपेत रडतात, ताई."

दुसऱ्या दिवशी वीसेक काचा टोपलीत भरून मी गेले.

आमचं काम सगळं उलटं असतं. काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं आणि पुढच्या बाजूने बघायचं. त्यामुळे कागदावरचा चित्रकार जे शेवटी करतो ते आम्ही सगळ्यात आधी करतो. आधी डोळे, ओठ, अंगरख्यावरची नक्षी, कोपऱ्यातली सही. मग चेहऱ्याचा रंग, मग कपड्याचा, आणि सगळं वाळलं की शेवटी मागे आभाळ फासायचं. एखाद्याने आधीच आभाळ फासलं तर पुढून नुसतं आभाळच दिसतं, मागे त्याने काय वाटेल ते काढलेलं असो. आणि एकदा काढलेले डोळे मागाहून बदलता येत नाहीत, कारण ते रंगाच्या पार खाली जाऊन बसलेले असतात. माझे वडील हे काम करता करता गेले. आधी डोळे, शेवटी आभाळ, हे त्यांनी माझ्या डोक्यात अक्षरशः टपल्या मारून घातलं.

पहिल्या दिवशी समोर अकरा पोरं आणि दोन पोरी बसल्या होत्या. मी म्हटलं, "माझं नाव यांदे न्गोम. काच फोडली तर मी कान उपटते."

कोपऱ्यातून एक आवाज आला. "न्गोम म्हणजे सेरेर. सेरेर तर आमचे चाकर. चाकरांनी शिकवायचं आणि मालकांनी शिकायचं, काय दिवस आलेत."

सेनाबू हातात भाताचा डाव घेऊन दारात तशीच उभी राहिली. बोलणारी पोरगी नऊएक वर्षांची, कोरड्या काटकीसारखी, अंगात कुणाचा तरी मोठा सदरा. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "आणि तू फुलानी दिसतेस. दूध चोरून पिणाऱ्यांची जात. बघ, मिशी अजून पांढरी आहे."

तिने नकळत ओठ पुसले आणि मग स्वतःवरच चिडून मान खाली घातली.

सेरेर आणि फुलानी या आमच्याकडच्या दोन जमातींचं हे असंच आहे. भेटलं की आधी एकमेकांचा उद्धार करायचा, मग ख्यालीखुशाली विचारायची. राग कुणी मानायचा नाही. नंतर सेनाबूने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की ही पोरगी, ताक्को, तीन आठवड्यांपूर्वी गाडीतळावर कांद्याच्या ट्रकमध्ये पोत्यांमागे सापडली. दूरच्या कुठल्यातरी आत्याने तिला सहाव्या वर्षी घरकामाला म्हणून राजधानीत नेलं होतं, तिथून ती पळाली. एवढं सोडून तिने एक शब्द काढला नव्हता, आज पहिल्यांदा आपणहून बोलली. मी विचारात पडले. ही चेष्टा रस्त्यावर शिकता येत नाही. कुणीतरी या पोरीला मांडीवर घेऊन शिकवलं होतं, कुणाला मान द्यायचा आणि कुणाची टर उडवायची. म्हणजे तिचं घर होतं, आणि चांगलं होतं.

बाकीच्या पोरांनी बस काढल्या, पैलवान काढले, एकाने सेनाबूला काढलं आणि तिला दाढी लावली. ताक्को दर वेळी एकच करायची. काच घ्यायची, आणि आधी सबंध काच निळी रंगवून टाकायची. मग वाळायची वाट बघून त्याच्यावर बारीक ब्रशने काहीतरी काढत बसायची. मी पुढून बघितलं की नुसतं निळं.

"अगं, सांगितलं ना, आभाळ शेवटी. तुझं सगळं काम मागे गाडलं गेलं."

"हो," ती म्हणायची.

दोन वेळा मी तिच्या काचा नीट न बघताच ब्लेडने खरवडून दुसऱ्या पोरांना दिल्या. आमच्यात काच वाया घालवत नाहीत. तिसऱ्या वेळी ब्लेड हातात घेऊन काच उलटी केली आणि थांबले. निळ्यावर एक अख्खं गाव होतं. मातीची मशीद, तिला दोन मनोरे. डावा पुरा बांधलेला, उजवा अर्ध्यावर सोडलेला, आणि त्या अर्ध्या मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं. डाव्या हाताला चिंचेचं मोठं झाड, त्याच्याखाली विहीर. मागे नदी. पुढे एका अंगणात उखळापाशी एक बाई मुसळ धरून उभी. बाईच्या तोंडाच्या जागी काही नव्हतं, नुसता तपकिरी गोल.

"हे कुठलं गाव?"

"वूरो."

फुलानी भाषेत वूरो म्हणजेच गाव. सहा वर्षांच्या पोरीला घरातून नेलं, तिला गावाचं नाव गाव एवढंच ठाऊक.

"आणि ही बाई?"

"आई."

"हिला तोंड का नाही?"

ताक्को बराच वेळ अंगठ्याला लागलेला रंग खरवडत राहिली. "आठवत नाही," म्हणाली.

त्या दिवशी मी ब्लेड पिशवीत टाकलं आणि घरी येऊन जेवले नाही. सेनाबूने सांगितलं होतं की ज्या मुलाचं गाव सापडत नाही त्याला सहा महिने ठेवून घेता येतं. मग न्यायाधीशाच्या सहीने ते राजधानीतल्या मोठ्या अनाथगृहात जातं. तिथे तीनशे पोरं. शिवाय ताक्को राजधानीतूनच पळाली होती. ती तिथूनही पळेल, आणि या वेळी कांद्याचा ट्रक मिळेलच असं नाही. तिचे साडेतीन महिने उरले होते.

मला वाटलं, हे चित्र ड्रायव्हरांना दाखवावं. नदीकाठच्या गावांतून रोज शंभर गाड्या येतात, कुणीतरी तो अर्धा मनोरा पाहिलेला असणार. तेव्हा फोन होता तो टपालकचेरीत, आणि तोही नाव ठाऊक असलेल्या गावालाच लागायचा. पण ताक्कोची काच म्हणजे ओघळ आणि बोटांचे ठसे. ती टांगली असती तर ड्रायव्हर हसले असते. मी ठरवलं, आपण नीट काढून देऊ. खरं सांगायचं तर मला थोडी ऐट मिरवायची होती. तिची काच खाली ठेवली, वर कोरी काच ठेवली, आणि आम्ही नेहमी गिरवतो तसं सगळं गिरवून घेतलं. आधी डोळे, अर्थातच. बाईला मी छान चेहरा दिला, मोठे डोळे, कानात सोन्याची चंद्रकोर. शेवटी आभाळ. पाठीला पुठ्ठा, कडेला पट्टी. चार दिवस लागले, आणि इतकं चांगलं काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

ताक्कोला तिची काच परत दिली आणि माझं चित्र समोर धरलं. तिने ते खूप वेळ पाहिलं. पाहता पाहता तिचा चेहरा बंद होत गेला.

"हे माझं गाव नाही."

"असं कसं? तूच काढलंस, मी गिरवलं."

"नाही. आणि ही माझी आई नाही."

"काय चुकलंय ते तरी सांग."

"सगळं."

मला राग आला. माझ्या चार दिवसांच्या कामाला ही टिचभर पोरगी सगळं चुकलंय म्हणते. मी चित्र उचललं आणि गाडीतळावर चहावाल्या मालिकच्या छपरीत नेऊन टांगलं. तिथे ड्रायव्हर चहाच्या रिवाजाच्या तिन्ही फेऱ्या होईपर्यंत बसून असतात.

महिना गेला, दोन गेले, तिसरा सरत आला. सगळे चित्राचं कौतुक करायचे आणि मान हलवायचे. देंबा नावाचा एक म्हातारा फुलानी ड्रायव्हर होता, सतरा वर्षं नदीच्या वाटेवर गाडी हाकणारा. तो म्हणाला, "एक गाव आहे, वेंदू बाले. तिथे अर्धा मनोरा आहे, घरटंही आहे. पण तो उजवीकडे, आणि चिंच डावीकडे. हे ते नव्हे."

"नीट आठव."

"बाई, तुम्ही सेरेर लोक स्वतःचं घर भाताच्या वासाने शोधता. मी डोळ्यांनी गाडी चालवतो. ते गाव हे नव्हे."

मी ते सेनाबूला सांगितलं. ती बिचारी तरी काय करणार. "पोरगीसुद्धा म्हणते तिचं गाव नाही," ती हळूच म्हणाली. "ताई, कदाचित तिने ते मनाने रचलं असेल. रचतात पोरं. मागच्या वर्षी एकाने बाप विमान चालवतो म्हणून सांगितलं होतं." आणि मग त्या घरात सगळ्यांनी तसंच धरलं. पोरं ताक्कोला चिडवायला लागली, वूरोची राणी म्हणून. तिने ब्रश ठेवून दिला तो ठेवूनच दिला. माझ्या तासाला यायची, भिंतीकडे तोंड करून बसायची. मी दूधचोर म्हणून तिला डिवचलं तरी ती उलटून टोमणा मारायची नाही. तिला राजधानीत पाठवायची तारीख ठरली, येत्या सोमवारची.

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष नव्हतं. एका कापडवाल्याने आपल्या आजोबांचं चित्र करायला दिलं होतं, जुन्या फोटोवरून. शुक्रवारी नमाजानंतर तो न्यायला आला, चित्र हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"यांदे बाई, माझे आजोबा हाजी होते."

"मग? टोपी काढली आहे की."

"जपमाळ डाव्या हातात आहे."

मी बघितलं. खरंच डाव्या हातात. ज्या हाताने माणूस शौचानंतर धुतो त्या हातात अल्लाचं नाव. असली चूक मी अकराव्या वर्षी केली होती आणि वडिलांनी मला सबंध गल्लीसमोर थोबाडीत मारली होती. खालच्या चित्रावर काच ठेवून गिरवलं की पुढून ते उलटं दिसतं, डाव्याचं उजवं होतं. म्हणून माणूस काढताना आधी तेलाच्या कागदावर उतरवून कागद पालथा घालायचा आणि मग गिरवायचं. हे मला झोपेतही करता यायला हवं. झाडं आणि घरं काढताना मात्र एवढी दगदग कोण करतं. झाडाला उजवा हात थोडाच असतो.

पण गावाला डावं-उजवं असतं.

कापडवाल्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्याला तिथेच उभा सोडून मी पायात एक चप्पल घालून सेनाबूच्या घरी धावले. ताक्को भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. माझ्या गुडघ्यांना ते सोसत नाही, पण बसले.

"पोरी, चूक माझी होती. मी तुझं गाव उलटं काढलं. तू बरोबर सांगत होतीस आणि मी तुला खोटं पाडलं."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. मोठ्या माणसाने माफी मागितली की काय करायचं असतं हे तिला बहुतेक माहीत नव्हतं. मलाही मागायची सवय नव्हती.

मग ती म्हणाली, "सेरेरांकडून आणखी काय होणार."

मला रडू फुटलं. सेनाबूला वाटलं पोरीने मला चावलं.

गाडीतळावर देंबा नशिबाने होता, शेवटचा चहा ओढत. मी मालिकच्या छपरीतून चित्र काढलं, देंबाच्या गाडीपाशी नेलं आणि त्याच्या दाराच्या आरशासमोर धरलं.

"आता चित्राकडे बघू नकोस. आरशात बघ."

तो कुरकुरत उठला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. "वेंदू बाले," तो म्हणाला. "अगदी रस्त्यावरून दिसतं तसं. परवाच गेलो होतो तिथून."

ताक्को त्याच्या काखेखालून आरशापाशी घुसली. तिने काचेला नाक लावलं. "चिंच," ती म्हणाली. "तिच्याखाली विहीर."

"आता तिथे हातपंप आहे," देंबा म्हणाला. "विहीर बुजवली गेल्या वर्षी." मग त्याने तिला खांद्याला धरून नीट बघितलं आणि त्याचा आवाज बदलला. "तू कुणाची गं, बाळ?"

तिने सांगितलेलं बापाचं नाव त्याला माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. सेनाबू कागदपत्रांची पिशवी घेऊन पुढे, मी आणि ताक्को मागे. ताक्कोच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली तिची निळी काच होती. वाटेत खड्डा आला की ती काच वर उचलून धरायची. सात तासांत तिने एकदाच विचारलं, "आई मला ओळखेल?" आणि मी खोटं कशाला बोलू, मला ठाऊक नव्हतं. मी तिचा हात धरला, ती काही नको म्हणाली नाही.

वेंदू बाले रस्त्यावरून दिसलं तेव्हा अर्धा मनोरा उजवीकडे होता. घरट्यात करकोचा उभा होता.

पुढे कुणाला विचारावं लागलं नाही. गाडी थांबताच ताक्को उतरली आणि मशिदीला वळसा घालून तिसऱ्या अंगणात शिरली, आम्ही मागून धापा टाकत. तिथे एक बाई बाजरी कांडत होती. तिने परकी पोरगी दारात पाहिली, मुसळ खाली ठेवलं, आणि दोन पावलं पुढे येऊन थांबली. मग तिने ताक्कोचा डावा कान दुमडून मागे बघितलं. तिथे भाजल्याचा जुना वण होता, मला कधी दिसला नव्हता. बाई तिथेच खाली बसली.

"तुझी आत्या दर वर्षी निरोप पाठवते," ती म्हणाली. "तू शाळेत जातेस म्हणून. पहिली येतेस म्हणून."

"नाही," ताक्को म्हणाली.

आई दोन्ही हातांनी तिचे केस, खांदे, पाठ चाचपत राहिली, सगळं जागेवर आहे ना हे बघितल्यासारखी. शेजारीपाजारी जमले, कुणी दही आणलं, कुणी बाजरीचा भात. मी सेरेर आहे कळल्यावर एका म्हातारीने मला आमचा चाकर परत आला म्हणून मिठी मारली. सेनाबू कागदांवर अंगठे घेत होती आणि नाक पुसत होती.

गर्दी कमी झाली तेव्हा ताक्कोने फडकं सोडलं आणि काच आईला दिली. आईने पुढून बघितली.

"छान निळा आहे गं."

ताक्कोने काच तिच्या हातात पालथी केली. आईने मशीद बघितली, घरटं बघितलं, विहिरीवर बोट ठेवलं. मग बोट अंगणातल्या बाईपाशी आलं.

"ही कोण?"

"तू."

"मला तोंड नाही काढलंस?"

ताक्कोने माझ्याकडे बघितलं. "मावशी, काळी शाई."

डोळे मागाहून काढता येत नाहीत, असं मी बोलणार होते. सगळ्या आयुष्यात तेवढं एकच मी ठामपणे शिकले आहे. पण ते माझ्यासारख्यांच्या काचेचं. या पोरीने आभाळ सगळ्यात आधी फासून बाकीचं सगळं वरच ठेवलं होतं, आणि तो तपकिरी गोल इतके महिने वरच राहिला होता, मोकळा. मी पिशवीतून दौत आणि बारीक टाक काढून तिच्यापुढे ठेवला.

"हलू नकोस," ती आईला म्हणाली.

आई हलली नाही. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं तरी तिने ते पुसायला हात उचलला नाही. ताक्कोने एक डोळा काढला, मान वर करून आईकडे नीट बघितलं, आणि मग दुसरा काढायला घेतला.